एका अर्जावर दोन नावं: हस्तकला प्रदर्शनांच्या आयोजकांना खुले पत्र

हस्तकला प्रदर्शनं भरवणारे सर्व आयोजक आणि निवड समित्यांचे सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बाहुल्यांचे कपडे शिवते. छंद म्हणून सुरू केलं होतं, आता बरीच वर्षं हाच माझा व्यवसाय आहे. मागच्या हंगामात एका प्रदर्शनासाठी मी केलेला अर्ज परत आला. सोबत एकच ओळ होती: ‘बाहुल्यांचे कपडे या प्रकारातला स्टॉल आधीच दिलेला आहे.’ तो स्टॉल कुणाला मिळाला हे मला ठाऊक होतं. माझ्या मैत्रिणीला. अर्जाची शेवटची तारीख तिनेच मला आठवणीने कळवली होती. त्या रात्री तिचा फोन आला. आनंदाने बोलायचं सोडून ती ‘मी माघार घेऊ का गं?’ असंच पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मी नको म्हटलं, मनापासून म्हटलं. पण फोन ठेवल्यावर मला तिचा हेवा वाटला. फार वेळ नाही, पण वाटला. जिच्याकडे मी अडीअडचणीला पहिल्यांदा धाव घेते, तिच्याबद्दल असं काही माझ्या मनात यावं याचा मला फार त्रास झाला. हे पत्र लिहायला बसले ते त्यामुळे.

त्या प्रदर्शनाचं नाव घेत नाही, कारण हा नियम मला कितीतरी ठिकाणी भेटला आहे: एका प्रकारचा एकच स्टॉल. बाहुल्यांच्या कपड्यांना तो लावू नका, एवढंच मला सांगायचं आहे. का, ते जरा सविस्तर सांगते. एरवी हे काम जवळून बघायची वेळ तुमच्यावर फारशी येत नसेल.

तुमच्या यादीत ‘बाहुल्यांचे कपडे’ अशी एक ओळ असते. त्या ओळीत नेमकं काय काय कोंबलं जातं ते बघा. मी शिवते साडेअकरा इंची फॅशन बाहुलीसाठी. १९५९ मध्ये बार्बी आली आणि ही उंची रूढ झाली. ढोबळमानाने माणसाच्या उंचीचा सहावा हिस्सा. सहावा हिस्सा म्हणजे काय हे शिवायला बसल्यावरच समजतं. ३ मिलिमीटरचं बटण या बाहुलीच्या अंगावर १८ मिलिमीटरचं दिसतं, म्हणजे कोटाला शोभेल असं. ब्लाउजला त्याहून लहान हवं. तसं मिळालं नाही की मी बारीक मणी लावते, नाहीतर दोऱ्याच्या गाठीचा टाका घालून त्यालाच बटण करते. कापडावर एक सेंटिमीटरचं फूल असेल तर तिच्या फ्रॉकवर ते सहा सेंटिमीटरचं होतं, सगळा गळा त्या एका फुलातच संपतो. म्हणून छापील कापड निवडताना मी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक छोटी चौकट धरून त्यातूनच बघते. ठाण मोठं आणि सुंदर दिसतं म्हणून आणलेलं कापड त्या चौकटीत हमखास फसवतं.

माप सहापट लहान करता येतं, कापडाची जाडी करता येत नाही. या कामातली खरी मेख इथे आहे. मोठ्यांच्या जीन्सचं कापड या बाहुलीला घातलं तर तिने रजई गुंडाळल्यासारखं दिसतं आणि तिला बसवताही येत नाही. म्हणून आम्ही लॉन, व्हॉइल, बॅटिस्ट असलं तलम कापड शोधतो, किंवा धुऊन धुऊन मऊ झालेले जुने रुमाल. जिथे दोन शिवणी एकमेकींवर येतात तिथे आठ-आठ पदर जमतात, ते कातरून उतरते करावे लागतात. शिवणीबाहेर ठेवायची जागा असते ३ मिलिमीटर. तेवढ्यात धागे सुटले की तुकडा वाया, म्हणून कडेला आधीच धागे धरून ठेवणारा द्राव लावून वाळवायचा. मशीनवर एरवी अडीच मिलिमीटरचा टाका चालतो, मी दीडवर ठेवते. बाही आधी सपाट असतानाच मुंढ्याला जोडायची आणि बगलेपासून खालपर्यंतची शिवण सगळ्यात शेवटी घालायची, कारण एकदा नळी झाली की करंगळीसुद्धा आत जात नाही. मग ती सुलट करायला शस्त्रक्रियेत वापरतात तसला लांब चिमटा लागतो. वेल्क्रो मी वापरत नाही. त्याचे आकडे बाहुलीच्या केसांत अडकतात आणि दोन-चार वेळा कपडे बदलले की केस पिंजारून जातात. पाठीला बारीक टिचबटणं लावते, हाताने.

एवढ्यावर थांबत नाही, रंगाचं सांगायचं राहिलं. काळा, गडद लाल, गडद निळा हे रंग बाहुलीच्या अंगाच्या व्हिनाइलमध्ये, म्हणजे मऊ प्लास्टिकमध्ये, उतरतात आणि एकदा आत मुरले की निघणं फार अवघड. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ बाहुल्या कुणाच्या तरी लहानपणच्या असतात. कुणी तीस-चाळीस वर्षं जपलेल्या अंगावर माझ्या कापडाचा डाग पडलेला मला चालणार नाही. गडद कापड मी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुते, मग ओलं असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून बघते. तरीही शंका राहिली तर आतून फिकं अस्तर लावते आणि तो पोशाख जुन्या, मोडक्या बाहुलीला घालून काही आठवडे तसाच ठेवते. ते आठवडे कुणाला दिसत नाहीत.

आता माझी मैत्रीण, जिला ‘माझ्याच प्रकारातला’ स्टॉल मिळाला. ती शिवत नाही, विणते. आणि विणते ब्लाइथसाठी. ही बाहुली १९७२ मध्ये निघाली, त्या वेळी चालली नाही, वर्षभरातच बंद पडली. २००१ मध्ये जपानमध्ये पुन्हा निघाली आणि मग तिच्या मागे लोक अक्षरशः वेडे झाले. उंचीला ती माझ्या बाहुलीच्या जवळपास येते, पण डोकं केवढं तरी मोठं आणि अंग काडीसारखं. त्या डोक्यावरून कुठलाच गळा उतरत नाही. म्हणून तिचे सगळे स्वेटर पाठीत वरपासून खालपर्यंत उघडे ठेवावे लागतात, नाहीतर पायांकडून चढवावे लागतात. माझा एकही फ्रॉक ब्लाइथला होत नाही, तिचा एकही स्वेटर माझ्या बाहुलीला होत नाही. ती दीड मिलिमीटरच्या सुयांवर काम करते, त्या सुया हातात धरल्या तर मला टाचण्याच वाटतात.

आमच्यातली तिसरी, वयाने सगळ्यांत लहान, रेझिनच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, गोल सांध्यांच्या ‘बॉल-जॉइंट’ बाहुल्यांसाठी कोट शिवते. साठेक सेंटिमीटरच्या त्या बाहुल्या, सांध्यांतून ताणलेल्या इलॅस्टिकवर उभ्या राहणाऱ्या. तिच्या कोटांना कॉलरमागे कॅनव्हास असतो, खिशांना झाकणी असते, आत खरोखरीचा खिसा असतो. आणखी एक काकू आहेत, त्या कापडी बाहुल्यांचे कपडे करतात. लहान मुलं ते ओढतात, चावतात, म्हणून काकूंच्या कपड्यांना बटण, मणी, काहीच नसतं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सुटून येईल असा एकही तुकडा त्या ठेवत नाहीत. आणि नुसत्या साडेअकरा इंचीचीच गोष्ट करायची तरी २०१६ पासून बार्बीच उंच, ठेंगणी आणि भरलेल्या बांध्याची अशा वेगवेगळ्या अंगांत येते. एकीची पँट दुसरीच्या कमरेवर चढत नाही. एवढ्या सगळ्याला तुमच्या अर्जात एकच रकाना आहे, आणि त्या रकान्यात एकीलाच जागा.

आमच्यात स्पर्धा नाही असं मी म्हणत नाही. पण आम्ही एकमेकींशिवाय हे काम करूच शकत नाही, ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोहोचलेली नसावी. ३ मिलिमीटरची बटणं हजार नगांच्या पाकिटात येतात, ती आम्ही वाटून घेतो. चार मिलिमीटर रुंदीची चांगली लेस कुठे दिसली तर जिला दिसेल ती सगळ्यांसाठी घेते, कारण पुन्हा मिळेलच असं नसतं. नवा पॅटर्न काढला की तो आधी दुसरीच्या हाती द्यायचा. स्वतः काढलेला पॅटर्न स्वतः शिवून तपासता येत नाही. हात सवयीने चुका झाकून नेतो. गेल्या वर्षी मी एक झालरीचा फ्रॉक बेतला होता, चार वेळा शिवला होता, मला तो बरोबर वाटत होता. काकूंनी पाचव्यांदा शिवला आणि फोन केला, ‘अगं, पाठीचा तुकडा पुढच्यापेक्षा दोन मिलिमीटर आखूड आहे.’ मी दर वेळी तो नकळत ओढून जुळवून घेत होते. दोन मिलिमीटर म्हणजे माणसाच्या मापात सव्वा सेंटिमीटर.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगणं मला सोपं नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलीने मला विचारलं होतं, ‘ताई, यंदा प्रदर्शनाचे अर्ज कधी निघणार आहेत?’ ती नुकतीच या कामात आली होती. मला तारीख माहीत होती. मी म्हटलं, ‘अजून काही कळलं नाही.’ जागा एकच होती, आणि तिच्या हातात किती सफाई आहे हे मी पाहिलेलं होतं. त्या वर्षी मला स्टॉल मिळाला. तीन दिवस मी तिथे उभी होते आणि तिन्ही दिवस मला वाटत होतं की ती कुठल्याही क्षणी समोरून येईल. ती आली नाही. पुढे कित्येक महिन्यांनी मी स्वतःच तिला खरं काय ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘मला वाटलंच होतं.’

ही तीच मुलगी, कोट शिवणारी. त्यानंतर साधारण वर्षभराने माझं उजवं मनगट धरलं. पट्टा बांधून बसावं लागलं, कात्रीसुद्धा उचलवेना. हातात घेतलेली चौदा कामं अर्धवट पडली होती. तिने ती घरी नेली. तिची रोजची बाहुली माझ्या बाहुलीच्या दुप्पट उंच, तरी तिने माझा टाका बघून तसाच टाका घातला, माझं कापड, माझे पॅटर्न, माझी पद्धत. प्रत्येक ग्राहकाला आम्ही कळवलं की शेवटचं काम दुसऱ्या हातचं आहे. चौदापैकी एकीनेही परत पाठवलं नाही. त्या कामाचे पैसे मी तिला पूर्ण दिले, तिने अर्धे परत केले, मी पुन्हा दिले. अजून तो हिशेब सुटलेला नाही.

त्या वर्षी मी तिच्याशी जे वागले ते माझंच वागणं होतं, ते मी तुमच्या नियमावर ढकलणार नाही. पण त्या नियमाने आमच्यातल्या किती जणींना तारखा लपवायला शिकवलं असेल, याचा विचार तुम्ही कराल का? नवीन शिकणाऱ्या मुलीला आपलं सगळं देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्याच बायका अर्जांच्या मोसमात एकमेकींचे फोन उचलत नाहीत, हेही पाहिलं आहे.

तुम्हाला एक जुनं उदाहरण द्यायचं आहे. पॅरिस, मार्च १९४५. युद्ध अजून संपलेलं नव्हतं, कापड मिळत नव्हतं, आणि तिथल्या फॅशनच्या पेढ्यांना आपण अजून जिवंत आहोत हे जगाला दाखवायचं होतं. माणसाच्या मापाचे पोशाख करण्याएवढं कापडच नव्हतं. मग त्यांनी तारेच्या बाहुल्या करवून घेतल्या, सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या, दोनशेहून जास्त, आणि त्यांना आपापल्या हंगामातले कपडे शिवले. लूव्रच्या एका भागात ते प्रदर्शन भरलं. ‘थेआत्र द ला मोद’ असं त्याचं नाव, फॅशनचं रंगमंदिर. जमलेला पैसा युद्धात पोळलेल्यांच्या मदतीसाठी होता. त्यात बालेन्सिआगा, लाँव्हाँ, स्कियापारेली, लुसियाँ लेलाँग, नीना रिची अशा नावाजलेल्या पेढ्या होत्या. एरवी एकाच ग्राहकासाठी झटणाऱ्या या पेढ्या. त्यांच्या बाहुल्या एकाच देखाव्यात, एकमेकींच्या शेजारी उभ्या केल्या होत्या. बाहुल्यांच्या अंगावरचं काम मोठ्या कपड्यांइतकंच काटेकोर होतं, बारीकातल्या बारीक शिवणीपर्यंत. पॅरिसमध्ये लाखभर लोकांनी ते पाहिलं, मग ते लंडनला गेलं, १९४६ मध्ये न्यू यॉर्कला गेलं. त्यातल्या पुष्कळ बाहुल्या आजही अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत.

मी त्या बाहुल्यांचे फोटो भिंग लावून बघत बसते. शिवण बघण्यासाठी बघते, ते तर आहेच. पण तुम्हाला हे पत्र लिहिताना त्यातली दुसरीच गोष्ट डोळ्यांपुढे होती. ‘बाहुल्यांचे कपडे’ या एकाच प्रकारातलं ते अख्खं प्रदर्शन होतं.

तुमची काळजी मला समजते. बघणाऱ्याला वैविध्य हवं, आणि सारख्याच वस्तू शेजारी शेजारी मांडल्या तर दोघांचीही विक्री अर्धी होईल अशी भीती असते. मेणबत्त्यांचं किंवा साबणांचं काय होतं ते मी सांगू शकत नाही. आमच्याकडे येणारा माणूस कसा असतो ते सांगते. तो बहुतेकदा बाहुली घेऊन येतो. पिशवीत, रुमालात गुंडाळून, कधी चक्क कोटाच्या आतल्या खिशात. तो टेबलावर ती ठेवतो आणि विचारतो, हिला काय होईल? माझ्या मापाची नसेल तर माझ्याकडे त्याच्यासाठी काहीच नसतं. एकटी असते तेव्हा मला ‘नाही हो’ म्हणून त्याला पाठवून द्यावं लागतं, आणि मी एका चिठ्ठीवर दुसरीचं नाव लिहून देते. शेजारी ती बसलेली असती तर तो दोन पावलं सरकला असता. एकदाच, एका लहानशा प्रदर्शनात, आम्हाला तिघींना ओळीने टेबलं मिळाली होती. तिथल्या बाईंनी हा नियम ठेवलेलाच नव्हता. एक आजोबा नातीची बाहुली घेऊन आले होते. माझ्याकडून फ्रॉक घेतला. त्यावर लोकरीची शाल हवी होती, ती मैत्रिणीने तिथेच बसून मोजमाप घेऊन विणायला घेतली. कोटवालीने बाहुलीचा सैल झालेला गुडघा बघून दिला, त्याचे काही घेतले नाहीत. आजोबा दुसऱ्या दिवशी शाल न्यायला आले तेव्हा आणखी दोन माणसांना घेऊन आले.

म्हणून मागणं असं आहे. निवड करताना प्रकाराचं नाव बघू नका, काम बघा. अर्जात बाहुलीचं माप, हाताने केलेला भाग कोणता आणि यंत्रावरचा कोणता, हे विचारा. काम चालू असतानाचे फोटो मागा, उलट्या बाजूचे, आतल्या शिवणींचे. आतली बाजू खोटं बोलत नाही. कारखान्यातून पोत्याने आणलेले कपडे पिशव्या बदलून ‘हस्तकला’ म्हणून मांडणारे स्टॉल मी पाहिले आहेत, आणि त्याच सभागृहात कोट शिवणाऱ्या त्या मुलीला प्रकार भरला म्हणून जागा नव्हती. गाळायचंच असेल तर तिथे गाळा. जागा कमी असेल तर दोघी-तिघींना मिळून एक टेबल घेऊ द्या, भाडं आम्ही वाटून भरू. आमच्या वस्तू फार जागा खात नाहीत, दोन हात लांबीच्या टेबलावर तीन जणींचं वर्षभराचं काम मावतं. उजेड मात्र चांगला द्या. कोपऱ्यातल्या अंधाऱ्या टेबलावर दीड मिलिमीटरचा टाका कुणाला दिसणार?

आणि एक विनंती, नियमात न बसणारी. नव्या माणसांसाठी एखादं टेबल राखून ठेवा, ज्यांनी कधीच प्रदर्शन केलेलं नाही अशांसाठी. आमच्यापैकी कुणीतरी त्यांच्या शेजारी बसेल. सुटे पैसे कसे ठेवायचे, बाहुली उभी कशी करायची, ग्राहकाने फ्रॉक उलटासुलटा करून बघितला तर कसं घाबरायचं नाही, एवढं दाखवायला एक सकाळ पुरते.

पुढच्या प्रदर्शनासाठी मी आणि माझी मैत्रीण एकच अर्ज करतो आहोत, वर दोघींची नावं आहेत. अर्जात एकाच नावाची जागा होती, दुसरं नाव आम्ही समासात लिहिलं आहे. सोबत तिच्या एका स्वेटरचे आणि माझ्या एका फ्रॉकचे फोटो आहेत, सुलट बाजूचे आणि उलट्या बाजूचेही. उत्तर ‘नाही’ असेल तर तेही दोघींना एकदमच कळवा.

आपली,
बाहुल्यांचे कपडे शिवणारी एक कारागीर